दुपट्यावरचा काळा डाग

सांगलीत हळदीचा डाग कुणाला नवा नाही. पिवळ्या डागावर साबण लावला की तो लालभडक होतो, कारण साबणातल्या अल्कलीमुळे हळदीतल्या कर्क्युमिनचा रंग पालटतो. त्यात घाबरण्यासारखं काही नसतं. पण तान्ह्या बाळाचं ओलं दुपटं साबणाच्या पाण्यात टाकल्यावर तपकिरी, काळपट पडत असेल आणि हे रोजच होत असेल, तर ते डॉक्टरांच्या कानावर घालायलाच हवं.

हा अल्काप्टोन्यूरिया असू शकतो. तो फार विरळा आजार आहे, पण जन्मजात चयापचय-दोषांचं अख्खं शास्त्र त्याच्यापासून सुरू झालं. लंडनचे डॉक्टर आर्चिबाल्ड गॅरड रुग्ण तपासायचे आणि त्यांच्या लघवीचं रसायनशास्त्रही अभ्यासायचे. आतड्यातल्या जंतूंमुळे लघवी काळी होते, असं तेव्हा मानत. गॅरडना ते पटेना. 1901 साली अशा एका कुटुंबात पुन्हा बाळ जन्मलं, तेव्हा पहिल्या दिवसापासून त्याचं प्रत्येक दुपटं तपासायला त्यांनी सांगितलं. काही दिवसांतच डाग दिसला. म्हणजे हे बाहेरून आलेलं नव्हतं, बाळ ते घेऊनच जन्मलं होतं.

मग त्यांनी आईवडिलांचं नातं विचारलं. ती दोघं सख्ख्या भावंडांची मुलं निघाली. इतर कुटुंबांतही असंच वारंवार आढळलं. मेंडेलचे वाटाण्यांवरून काढलेले आनुवंशिकतेचे नियम नुकतेच पुन्हा उजेडात आले होते. 1902 साली गॅरडनी ते माणसाच्या आजाराला लावून दाखवले. मला त्यांचं सगळ्यात मोठं काम हेच वाटतं. या रुग्णांच्या शरीरात एक एन्झाइम, म्हणजे रासायनिक क्रिया घडवणारं प्रथिन, नसणार हे त्यांनी ते न सापडताच तर्कानं ओळखलं होतं. रुग्णाच्या यकृतात ते खरोखरच काम करत नाही, हे 1958 साली सिद्ध झालं.

आपल्याकडच्या साखर कारखान्याचं बघा. गव्हाण, म्हणजे ऊस आत ओढणारी जागा, बंद पडली की मागे उसाच्या ट्रॉल्यांची रांग रस्त्यापर्यंत येते. शरीरातही तसंच होतं. प्रथिनांतल्या टायरोसिन या घटकापासून होमोजेंटिसिक आम्ल तयार होतं. ते फोडणारं एन्झाइम नसलं की ते साचतं. बरंचसं लघवीवाटे जातं आणि हवा लागली की काळं पडतं. उरलेलं वर्षानुवर्षं कूर्चेत, म्हणजे सांध्यांतल्या आणि कानातल्या मऊ हाडात, मुरत राहतं. चाळिशीच्या आसपास कानाची कूर्चा निळसर दिसू लागते, कंबर आणि गुडघे धरतात. लोक वाताचं दुखणं म्हणून तेल चोळत बसतात.

निटिसिनोन हे औषध गव्हाण दुरुस्त करत नाही, ते ऊसतोडच थांबवतं. आम्ल तयार होण्याच्या आधीचीच एक पायरी ते रोखतं. युरोपात 2020 साली प्रौढ रुग्णांसाठी त्याला मान्यता मिळाली. पण तोड थांबली की ऊस शिवारात उभा राहतो, तसं रक्तात टायरोसिन वाढतं. त्यानं डोळ्यांच्या बुबुळाला इजा होऊ शकते, म्हणून डोळे तपासत राहावं लागतं, खाण्यातली प्रथिनंही मोजावी लागतात.

गॅरडचा तो प्रश्न आजही पहिल्याच भेटीत विचारला जातो: "लग्न नात्यातलं आहे का?" मामाची मुलगी करण्याची रीत असलेल्या आपल्या भागात तो ऐकून आईची मान खाली जाते, सासूची नजर तिच्याकडे वळते. खरं तर सदोष जनुकाची एक प्रत आईकडून आणि एक वडिलांकडून आलेली असते. दोघंही वाहक असतील, म्हणजे एक सदोष प्रत बाळगूनही स्वतः निरोगी असतील, तर प्रत्येक गर्भारपणात धोका 25 टक्के, मुलगा असो वा मुलगी. डॉक्टर कागदावर वंशावळ काढतात, पुरुषाला चौकोन आणि बाईला गोल. लग्न नात्यातलं असेल तर त्या दोघांना जोडणारी रेघ दुहेरी काढतात.