‘हो आणि नाही’: बॉस्टनची देवीची साथ आणि एक पाद्री

अमेरिकेतल्या जुन्या वसाहतींचा, तिथल्या प्युरिटन या कर्मठ ख्रिस्ती पंथाच्या लोकांचा विषय निघाला की कुणीतरी हमखास म्हणतं, “तेच ना, चेटकिणींना जिवंत जाळणारे?” तर आधी हे मिटवून टाकू. बॉस्टनजवळच्या सेलम गावी १६९२ मध्ये चेटकाच्या आरोपांवरून झालेल्या खटल्यांत कुणालाही जाळलं नाही. १९ जणांना फाशी दिली, त्यांत ५ पुरुष होते. आणखी एका म्हाताऱ्याला अंगावर दगड रचून चिरडून मारलं. यात भूषणावह काही नाही, पण जाळलं नाही.

या खटल्यांची पुस्तक लिहून पाठराखण करणारा बॉस्टनचा धर्मोपदेशक म्हणजे कॉटन मॅदर. चेटूक खरं असतं यावर त्याचा ठाम विश्वास होता. आणि हाच माणूस १७२१ साली देवी टोचून घ्या म्हणून शहराच्या मागे लागला. विरोधात कोण उभं राहिलं? शहरातला वैद्यकाची पदवी असलेला एकमेव डॉक्टर, विल्यम डग्लस. ‘धर्म विरुद्ध विज्ञान’ हा आपला आवडता सामना इथे चक्क उलटा खेळला गेला, म्हणून ही गोष्ट मला फार आवडते.

१६३० साली वसलेल्या बॉस्टनमध्ये पाद्री हाच सर्वांत शिकलेला माणूस असे. बायबल वाचता आलं पाहिजे म्हणून शाळा, आणि पाद्री घडावेत म्हणून १६३६ मध्ये हार्वर्ड. मॅदर लंडनच्या रॉयल सोसायटीला, म्हणजे शास्त्रज्ञांच्या संस्थेला, पत्रं पाठवायचा, तिचं नियतकालिक वाचायचा. १७१३ च्या गोवराच्या साथीत दोनेक आठवड्यांत त्याची बायको आणि तीन मुलं गेली. साथ म्हणजे काय, हे त्याला पुस्तकातून शिकायचं नव्हतं.

१७०६ मध्ये त्याच्या चर्चच्या मंडळींनी त्याला एक माणूस भेट दिला. हो, माणूस; पश्चिम आफ्रिकेतून आणलेला गुलाम. मॅदरने त्याला बायबलमधल्या एका गुलामाचं नाव दिलं, ओनेसिमस. तुला देवी येऊन गेल्या का, असं विचारल्यावर ओनेसिमस म्हणाला, “हो आणि नाही.” मग त्याने दंडावरचा वण दाखवला. आमच्याकडे देवीच्या फोडातला द्रव निरोग्याच्या कातडीत घालतात, थोडा ताप येतो, पुढे देवी कधी येत नाहीत, असं त्याने सांगितलं. मॅदरने शहरातल्या इतर आफ्रिकी गुलामांना विचारलं, तेही तेच म्हणाले. पुढे कॉन्स्टँटिनोपलच्या तिमोनी नावाच्या वैद्याचा याच पद्धतीवरचा लेख रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात त्याच्या वाचनात आला. जखमेला कपडा घासू नये म्हणून वर अक्रोडाचं अर्धं करवंट बांधायचं, इतका बारकावा त्यात होता.

एप्रिल १७२१ मध्ये ‘सीहॉर्स’ हे जहाज वेस्ट इंडीजकडून देवी घेऊन आलं. आधीची मोठी साथ १७०२ ची, म्हणजे जवळजवळ १९ वर्षांखालचं सगळं शहर कोरं, कुणाला देवी येऊन गेलेल्या नाहीत. मॅदरने डॉक्टरांना पत्र लिहिलं. एकटा झॅब्डिएल बॉयल्स्टन पुढे आला. २६ जूनला त्याने स्वतःच्या सहा वर्षांच्या मुलाला, जॅक नावाच्या गुलामाला आणि जॅकच्या अडीच वर्षांच्या पोराला टोचलं. बॉयल्स्टनला देवी आधीच येऊन गेल्या होत्या, त्यामुळे स्वतःवर प्रयोग करून उपयोग नव्हता. जॅकला कुणी विचारलं असेल असं मात्र समजू नका. तिघंही बरे झाले.

आता माझा खरा जिव्हाळ्याचा भाग. हा काही इंग्लंडच्या डॉ. जेनरने १७९६ मध्ये टोचलेला, गाईच्या देवीचा निरुपद्रवी चुलत विषाणू नव्हे. इथे खरी, जिवंत, माणसाची देवीच शरीरात घालायची. (मराठीतली ‘लस’ म्हणजे मुळात जखमेतून, फोडातून पाझरणारा द्रव. आपल्या भाषेने हा इतिहास जपून ठेवलाय.) मग तोच विषाणू श्वासातून गेला तर जीव घेतो आणि कातडीतून गेला तर बहुधा सोडतो, असं का?

श्वासातून आलेला विषाणू घशाच्या, श्वसनमार्गाच्या आतल्या अस्तरात उतरतो आणि तिथून जवळच्या लसीका ग्रंथींत (शरीराच्या संरक्षक पेशींच्या ठाण्यांत) जाऊन वाढतो. तीन-चार दिवसांत तो पहिल्यांदा रक्तात येतो, पण गुपचूप. ताप नाही, कणकण नाही. प्लीहा, अस्थिमज्जा इथे तो पुन्हा वाढतो. आठव्या दिवसानंतर दुसऱ्यांदा रक्तात उतरतो तो फौजफाटा घेऊनच. बाराव्या दिवसाच्या आसपास ताप, मग त्वचेतल्या बारीक रक्तवाहिन्यांत मुक्काम आणि अंगभर फोड. या शांततेत त्याची एक युक्ती चालू असते. लागण झालेली पेशी शेजारच्या पेशींना ‘सावध राहा’ म्हणून इंटरफेरॉन सोडते, आणि देवीचा विषाणू नेमकं तेच पकडून ठेवणारी प्रथिनं तयार करतो. म्हणजे आधी कुत्र्याला गप्प करायचं, मग घरात शिरायचं.

कातडीवरच्या चिरेत टाकला की मात्र चोर अंगणातच भांड्यांवर पडतो. त्वचेत लँगरहॅन्स नावाच्या पहारेकरी पेशी दबा धरून असतात. त्या विषाणूचे तुकडे घेऊन लसीका ग्रंथीकडे निघतात आणि टी पेशी नावाच्या लढाऊ पांढऱ्या पेशींना ते दाखवतात. त्या खुणेला जुळणाऱ्या टी पेशी भराभर वाढतात, बी पेशी नावाच्या दुसऱ्या पांढऱ्या पेशी विषाणूला चिकटून अडवणारी प्रतिपिंडं बनवू लागतात. इकडे विषाणू चिरेपाशीच फोड करत बसलेला असतो. गंमत म्हणजे टोचलेल्या माणसाला ताप लवकर, सातव्या ते नवव्या दिवशीच येतो, तरी फोड थोडे. कारण विषाणू मोठ्या संख्येने रक्तात उतरेपर्यंत शरीराची फौज तयार झालेली असते. सगळा खेळ या चार-पाच दिवसांच्या शर्यतीचा.

लोक भडकलेच. देवी हा देवाचा कोप, तो आपणहून ओढवून घेणं म्हणजे पाप, असं काही धार्मिकांचं म्हणणं. ‘निरोग्यांना वैद्याची गरज नाही’ हे बायबलचं वचनही काढलं गेलं. (आपण तर रोगालाच ‘देवी’ म्हटलं, तेव्हा प्युरिटनांना हसायला नको.) मॅदर आणि इतर पाच पाद्र्यांचं उत्तर: उपायही देवानेच दिलाय, तो वापरणं हीच भक्ती. डग्लसने गुलामांच्या साक्षीची टर उडवली, ते निव्वळ गर्विष्ठपणाचं. पण त्याचा एक मुद्दा रास्त होता. टोचलेला माणूस इतरांना अस्सल देवी देऊ शकतो, त्याला वेगळं न ठेवता टोचत सुटणं म्हणजे साथीला तेल घालणं. नोव्हेंबरात कुणीतरी मॅदरच्या खिडकीतून पेटता हातबॉम्ब फेकला, शिव्यांची चिठ्ठी बांधून. तो फुटला नाही, म्हणून चिठ्ठी वाचता आली.

बॉयल्स्टन मोजत राहिला. सुमारे ११,००० वस्तीच्या शहरात जवळपास ५,९०० लोकांना देवी आल्या, ८४४ गेले. म्हणजे सातातला एक. त्याने टोचलेल्या २४२ पैकी ६ गेले, चाळिसातला एक. ही तुलना आजच्या चाचण्यांइतकी काटेकोर नाही, टोचून घेणारे काही चिठ्ठ्या टाकून निवडलेले नव्हते. तरी फरक सहापटीचा आहे. ‘टोचल्याने सहा मेले’ हे वाक्य तेव्हाही खरं होतं आणि तसंच्या तसं फिरलं. भागिले किती, हे फॉरवर्डमध्ये आजही नसतं.

टोचण्याच्या विरोधात सगळ्यांत जोरात छापत होतं ते जेम्स फ्रँकलिनचं वर्तमानपत्र. छापखान्यात उमेदवारी करणारा त्याचा १५ वर्षांचा धाकटा भाऊ म्हणजे बेंजामिन, पुढे अमेरिकेच्या संस्थापकांपैकी एक झालेला. हा बेंजामिन पुढे टोचण्याच्या बाजूचा झाला, पण १७३६ मध्ये त्याचा चार वर्षांचा मुलगा देवीने गेला. टोचल्यामुळेच गेला, अशी आवई उठली. तेव्हा बापाला आपल्याच वर्तमानपत्रात छापावं लागलं, की पोराला टोचलं नव्हतं. हगवणीतून जरा सावरला की टोचायचं ठरलं होतं.