आश्रय पीक (बीटी कपाशी)

बीटी कपाशीच्या (बॅसिलस थुरिंजिएन्सिस या जिवाणूचे कीडनाशक जनुक घातलेल्या कपाशीच्या) कडेने लावायची बिगर-बीटी कपाशी. बोंडअळ्यांत बीटीविरुद्ध प्रतिकारक्षमता लवकर वाढू नये, हा तिचा हेतू. खानदेशात (जळगाव, धुळे, नंदुरबार) कपाशीचा पेरा मोठा असल्याने बीटीच्या परिस्थितिकीय सुरक्षिततेचा प्रश्न येथे मुख्यतः आश्रय पीक लावण्याच्या अटीच्या पालनाशी निगडित आहे.

भारतात बीटी कपाशीला मार्च २००२ मध्ये परवानगी मिळाली; दोन जनुकांचे वाण २००६ मध्ये आले. या जनुकामुळे कपाशीत तयार होणारी क्राय प्रथिने अळीच्या अल्कधर्मी आतड्यात विशिष्ट ग्राहींना (पेशींवरील ठरावीक रेणूंना) चिकटून ते निकामी करतात. ढालकिडा, क्रायसोपा या मित्रकीटकांना त्यांपासून थेट अपाय होत असल्याचा ठोस पुरावा नाही.

आश्रयाची मूळ अट बीटी क्षेत्राच्या २० टक्के किंवा भोवती पाच ओळी, यांपैकी जे अधिक असेल त्याची होती; त्यासाठी ४५० ग्रॅम बियाण्यासोबत १२० ग्रॅमची वेगळी पुडी मिळे. बीटीवर जगलेल्या मोजक्या पतंगांचे आश्रयातील साध्या पतंगांशी मीलन झाले, की प्रतिकाराचे अप्रभावी जनुक संततीत दबून राहते आणि ती संतती बीटीवर मरते. पुडी बहुधा पेरलीच जात नसे, हे खेदाने नोंदवावे लागते. भारतात संकरित वाणच रुळल्याने आणखी एक अडचण आली : एकजनुकी संकराच्या बोंडातील सुमारे पाव सरकीत प्रथिन नसते, त्यामुळे एकाच बोंडात अळीला विषारी व निर्विष दोन्ही दाणे मिळतात. प्रतिकार वाढण्यास ही स्थिती पोषक ठरते.

हिरव्या बोंडअळीला तूर, हरभरा यांचा नैसर्गिक आश्रय आहे. गुलाबी बोंडअळी जवळजवळ कपाशीवरच जगते. तिच्या मूलस्थानाविषयी मतभेद आहेत. कीटकशास्त्रज्ञ सॉंडर्सने १८४३ च्या सुमारास भडोचकडील (गुजरात) नमुन्यांवरून तिचे वर्णन केल्याने काहींनी ती भारतीय मानली. दुसऱ्या मतानुसार ती इंडोनेशिया ते वायव्य ऑस्ट्रेलिया या पट्ट्यातील असावी. जवळची जाती पेक्टिनोफोरा स्क्युटिजेरा ऑस्ट्रेलियात आढळते, हे पाहता दुसरे मत अधिक संभवनीय दिसते.

गुजरातेत गुलाबी बोंडअळीचा एकजनुकी बीटीवरील प्रतिकार २०१० मध्ये जाहीर झाला. पुढे दोन जनुकांचे वाणही तिला रोखेनासे झाले व २०१७ च्या हंगामात महाराष्ट्रात मोठे नुकसान झाले. खानदेशात मे महिन्यात ठिबकवर लावलेली बागायती कपाशी पावसाळी पिकाआधीच पात्या-फुलांवर येते, तर फरदडीमुळे (वेचणीनंतरही राखलेल्या कपाशीमुळे) अळीला हिवाळ्यानंतरही खाद्य मिळते. बांधावर रचलेल्या पऱ्हाटीत व जिनिंगच्या आवारातील सरकीत ती सुप्तावस्थेत राहते. म्हणूनच जूनपूर्वी लागवड न करणे, फरदड मोडणे, कामगंध सापळे (मादीच्या गंधाने नर पतंगांना ओढणारे) लावणे व डोमकळ्या (अळी शिरल्याने न उमललेली फुले) वेचून नष्ट करणे यांवर भर दिला जातो. प्रस्तुत लेखकाच्या मते केवळ नव्या जनुकाची वाट पाहण्यापेक्षा हे वेळापत्रक पाळणे अधिक महत्त्वाचे आहे.

बीटीमुळे बोंडअळीवरील फवारण्या प्रारंभी घटल्या. तुडतुडे, मावा, पांढरी माशी या रसशोषक किडींसाठी मात्र त्या चालूच राहिल्या. देशी कपाशीत २६ व बीटी संकरांत ५२ गुणसूत्रे असल्याने त्यांच्यात जनुकप्रवाह (संकरातून एकीची जनुके दुसरीत जाणे) सहसा होत नाही.