लिलावात वस्तू विकायची किंवा घ्यायची असेल तर आधी एवढं वाचून घ्या

२०२५ च्या एप्रिलमध्ये लंडनच्या लिलावात आपल्या नागपूरच्या पहिल्या रघुजीराजे भोसल्यांची तलवार निघाली आणि महाराष्ट्र सरकारने ती ४७ लाख १५ हजाराला मिळवली, तेव्हापासून आमच्या लिलावघरात रोज कोणी ना कोणी विचारायला येतंच, की भाऊ आमच्याही घरी माळ्यावर एक तलवार आहे, किती येतील? प्रश्न रास्त आहे आणि उत्तर लांबलचक आहे, म्हणून हा कागद छापला. महाल, इतवारी, धंतोली, सक्करदरा, कुठल्याही जुन्या घरात हात घातला की काहीतरी निघतंच, आपल्या गावात जुन्या वस्तूंची कमी नाही.

त्या तलवारीला पैसे जुनी आहे म्हणून नाही आले. पातं युरोपात बनलेलं, आपल्याकडे त्याला फिरंग म्हणायचे, आणि त्या पात्यावर देवनागरीत मालकाचं नाव. म्हणजे कोणाची होती ते वस्तूच सांगते, तुम्ही सांगायची गरज नाही. नाव नसतं तर तशीच तलवार कितीतरी कमीत गेली असती. आमच्याकडे येणाऱ्या दहातल्या नऊ वस्तूंची अडचण हीच असते, वय असतं, पुरावा नसतो. 'आजोबा सांगायचे' हा पुरावा नाही, म्हणजे आम्ही ऐकून घेतो, आवडीने ऐकतो, पण कॅटलॉगमध्ये छापता येत नाही. जुना फोटो ज्यात ती वस्तू मागे दिसते, दुकानाची पावती, वाटणीपत्रातली एक ओळ, वस्तूवर कोरलेलं नाव, असं काही असेल तर वस्तूच्या आधी ते शोधा.

आणि कृपया घासून आणू नका.

हे वेगळं लिहायचं कारण, लोक प्रेमाने घासतात. चिंच-मीठ, पितांबरी, कोलगेट, राख, सगळं लावून नाणं चकाचक करून आणतात आणि मग भाव ऐकून चेहरा पडतो. चांदीच्या रुपयावर वर्षानुवर्षांनी जो काळपट निळसर थर येतो तोच संग्राहकाला पाहिजे असतो, घासलं की थर जातो, शिवाय नाण्यावरच्या राणीच्या गालावर बारीक बारीक रेघा उठतात, भिंग लावलं की त्या सगळ्या एकाच दिशेने जाताना दिसतात आणि समोरचा माणूस भिंग खाली ठेवून देतो. पितळेच्या मूर्तीचंही तेच. धूळ मऊ ब्रशने झटका, बस. ज्या समईत रोज दिवा लागतो ती घासा ना, ती पूजेची आहे, पण विकायची ती तशीच आणा, तेलाच्या चिकट्यासकट.

रुपयांचं बोलतोच आहोत तर पूर्ण सांगतो, कारण सगळ्यात जास्त गर्दी त्याचीच. ब्रिटिश काळातला एक रुपया १८० ग्रेनचा, म्हणजे ११.६६ ग्रॅम, आणि चांदी साधारण ९१.७ टक्के. हे १९३९ पर्यंत. १९४० पासून चांदी अर्ध्यावर आली आणि १९४७ चा रुपया तर निकेलचा आहे, तो चुंबकाला चिकटतो, चांदीचा चिकटत नाही. घरच्या किचनच्या काट्यावर नको, सराफ्यात कोणाकडेही बारीक काट्यावर वजन करून घ्या, अर्धा ग्रॅम कमी-जास्त असेल तर शंका घ्या. 'व्हिक्टोरिया १८६२' घेऊन येणाऱ्यांची आम्हाला सवय झाली आहे, दीडशे वर्षांवर जुना म्हणून लोकांना वाटतं लाखात जाईल, पण टांकसाळीने तेच १८६२ साल पुढे कित्येक वर्षं नाण्यावर तसंच ठेवलं होतं, त्यामुळे तो भरपूर सापडणारा रुपया आहे, आणि फार झिजला असेल तर चांदीच्या भावाच्या आसपासच जातो. उलट १९११ चा पंचम जॉर्जचा रुपया बघा. राजाच्या झग्यावर जो छोटा हत्ती होता तो लोकांना डुकरासारखा दिसला, ओरड झाली, बरीचशी नाणी परत घेऊन वितळवली, पुढच्या वर्षी हत्तीची सोंड नीट करून नवा रुपया काढला. म्हणून १९११ चा कमी आणि १९१२ चा भरपूर. १९३९ चाही दुर्मिळ, आणि म्हणूनच त्यात नकली भरपूर, दुसऱ्या वर्षाचा शेवटचा आकडा कोरून ३९ केलेला असतो, आकड्याभोवतीची जमीन भिंगातून बघितली की कळतं.

भोसल्यांचे रुपयेही येतात. त्यावर भोसल्यांचं नाव नसतं, फारसी मजकूर असतो आणि नाव मोगल बादशहा अहमदशहाचं, त्यामुळे बरेच जण 'मुसलमानी नाणं' म्हणून बाजूला टाकतात. टाकू नका, दाखवा.

आता जे आम्ही घेतच नाही ते. १८१८ सालचा, ईस्ट इंडिया कंपनीचा, राम दरबारवाला एक आणा. कंपनीने असं नाणं कधी पाडलंच नाही, ही बाजारात देवाधर्माच्या नावाने विकायला बनवलेली टोकनं आहेत, तांदूळ ओढतं म्हणून विकलं जाणारं तांब्याचं नाणं तर सरळ सरळ फसवणूक आहे आणि विदर्भात त्याच्या नादाने चांगली शिकली-सवरलेली माणसं बुडाली. ट्रॅक्टरवाली पाच रुपयांची नोट, वैष्णोदेवीचं नाणं, ७८६ नंबरची नोट, याचे लाखो रुपये देतो म्हणणारा कोणी फोनवर आधी 'रजिस्ट्रेशन फी' मागत असेल तर फोन ठेवा. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्येच जाहीर सांगितलंय की जुनी नाणी-नोटा विकत घ्यायला आम्ही कोणाला नेमलेलं नाही आणि कसली फी किंवा कमिशनही मागत नाही.

वाघनखाचं लॉकेट, हस्तिदंताची डबी, वाघाचं किंवा बिबट्याचं कातडं, बारशिंग्याचं भिंतीवरचं डोकं, हेही नाही. नागपूर जंगलाला लागून, जुन्या शिकाऱ्यांची घरं इथे खूप, त्यामुळे हे आम्हाला नेहमी समजवावं लागतं. तुमच्याकडे मालकीचं सर्टिफिकेट असलं तरी विकता येत नाही, १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली तो गुन्हा आहे, वारसाने मुलाबाळांकडे जाऊ शकतं, बाहेर नाही. बाळाच्या गळ्यातलं छोटंसं असलं तरी वाघनख ते वाघनखच. कागद नसेल तर वनखात्याकडे किंवा वकिलाकडे जा, व्हॉट्सॲपवर आम्हाला त्याचा फोटो पाठवू नका. तलवार, कट्यार, ठासणीची बंदूक असेल तर आधी पोलीस स्टेशनला आणि वकिलाला विचारा, मग आमच्याकडे.

शंभर वर्षांचा कायदा म्हणजे काय हे सगळेच विचारतात. १९७२ चा पुरावशेष कायदा आहे, तो १९७६ पासून लागू झाला. शंभर वर्षांहून जुनी मूर्ती, नाणं, चित्र, कारागिरीची वस्तू यात येते, हस्तलिखित असेल तर ७५ वर्षं पुरतात. देशात विकता येतं, पण अशा मालाचा धंदा करणाऱ्याकडे लायसन्स पाहिजे, कोणत्याही दुकानात, आमच्याही, ते बिनधास्त मागून बघा. मूर्ती, जुनी चित्रं, सचित्र पोथ्या यांची नोंदणी लागते आणि मालक बदलला की तेही कळवावं लागतं, शेत विकल्यावर सात-बारा बदलतो तसंच समजा. देशाबाहेर मात्र नाही म्हणजे नाहीच. पोरगा अमेरिकेहून सुट्टीत येतो आणि 'आजीचे देवघरातले देव घेऊन जातो' म्हणतो, ते देव शंभर वर्षांवरचे असतील तर एअरपोर्टवर अडकतील आणि शिक्षा सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत आहे. वस्तू तेवढी जुनी नसेल तर पुरातत्त्व खात्याकडून तसं सर्टिफिकेट मिळतं, वेळ लागतो, तिकिटाच्या आदल्या आठवड्यात धावपळ करून होत नाही. पाया खोदताना सापडलेला हंडा हा आणखी वेगळा विषय, त्याला १८७८ चा कायदा लागतो, आधी कलेक्टर.

रविवर्म्याची चित्रं. जवळपास प्रत्येक जुन्या वाड्यात लक्ष्मी-सरस्वती आहेत आणि प्रत्येकाला वाटतं ओरिजिनल. ओरिजिनल तैलचित्र वेगळं, ते राष्ट्रीय कलानिधी मानलंय आणि शंभर वर्षांचं असो-नसो परदेशी जात नाही. तुमच्याकडचं बहुतेक करून छापील आहे, १८९४ ला मुंबईत सुरू झालेल्या आणि नंतर मळवलीला गेलेल्या छापखान्याचं, आणि त्यालाही चांगली मागणी आहे, वाईट वाटून घ्यायचं काही नाही. भिंग लावा. जुन्या शिळाछापात, म्हणजे दगडावरून छापलेल्या चित्रात, रंगाचे ठिपके वेडेवाकडे, वाळूसारखे पसरलेले दिसतात, आजकालच्या रिप्रिंटमध्ये सारख्या आकाराचे ठिपके रांगेत फुलासारखे बसलेले दिसतात. कोणीतरी आजीने पदरावर जरी-टिकल्या चिकटवलेल्या असतील तर काढू नका, त्या सजवलेल्या चित्रांचे वेगळे शौकीन आहेत. आणि एप्रिल-मे मध्ये कूलरच्या थेट समोरच्या भिंतीवर ही चित्रं लावू नका हो, बाहेर ४५ डिग्री आणि आत सतत ओलसर वारा, कागद फुगतो, काचेला चिकटतो, मग तो सोडवताना लक्ष्मीचा चेहराच काचेवर राहतो.

चकचकीत पितळी भोंग्याचा ग्रामोफोन असेल तर नव्वद टक्के शंका धरा. नवा भोंगा, नवी पेटी, आत कुठल्यातरी जुन्या पोर्टेबलचं मशीन, वर कुत्र्याचा स्टिकर. शोपीस म्हणून घ्या, आमची हरकत नाही, ॲन्टिक म्हणून घेऊ नका. त्याच्यापेक्षा माळ्यावरच्या लाखेच्या तव्यांचा, म्हणजे जुन्या रेकॉर्डांचा, गठ्ठा जास्त कामाचा असू शकतो, नाट्यसंगीत, जुनी भजनं, तडा नसलेले तवे उभे ठेवून आणा, आडवे रचून वरती पिशवी ठेवू नका.

पितळेची भांडी मोडीत देण्याआधी एकदा दाखवा एवढंच म्हणणं आहे. भंडाऱ्याची ठोक्याची भांडी, गुंड, गंज, घंगाळ, पाणी तापवायचा बंब, यांना किलोचा भाव तर आहेच, पण तळाशी नाव टाकलेलं असेल, त्यात साल आणि प्रसंग असेल, कोणाच्या लग्नात कोणी दिलं ते असेल, तर तेच भांडं मोडीच्या दुप्पट-तिप्पट जाताना बघितलंय. सगळ्याचंच जातं असं नाही. साधा गडवा साधाच राहतो.

लिलाव चालतो कसा. वस्तू आम्ही बघतो, लॉट नंबर पडतो, अंदाजे किंमत छापतो, आणि विकणारा एक रिझर्व्ह ठरवतो, त्याच्या खाली गेलं तर विकायचं नाही. रिझर्व्ह जास्त ठेवायचा मोह सगळ्यांना होतो. नका करू, न विकलेला लॉट पुढच्या वेळी लोक ओळखतात आणि त्याच्याकडे बघतही नाहीत. बोली सुरू झाली की एक बार, दोन बार, तीन बार आणि हातोडा, हातोडा पडला की सौदा झाला, हे आमचं म्हणणं नाही, १९३० च्या मालविक्री कायद्यात आहे. त्याच कायद्यात असंही आहे की हातोडा पडेपर्यंत बोली मागे घेता येते, आणि मालकाने आधी जाहीर न करता स्वतः किंवा भाच्याला बसवून बोली चढवली तर घेणारा सौदा मोडू शकतो. म्हणून विकणाऱ्यांनी आपली माणसं हॉलमध्ये पेरू नयेत, आम्हाला चेहरे कळतात.

घेणाऱ्याने हिशोब आधी करावा. समजा हातोडा २०,००० ला पडला आणि बायर्स प्रीमियम, म्हणजे घेणाऱ्याने लिलावघराला वर द्यायची रक्कम, १० टक्के असेल तर २२,००० झाले, वर जीएसटी, वर नेण्याचा खर्च. मनात २०,००० चंच बजेट असेल तर १७,००० च्या पुढे हात वर करू नका. विकणाऱ्याचं कमिशन हातोड्याच्या रकमेतून कापलं जातं, टक्का किती ते माल ठेवतानाच पावतीवर लिहून घ्या. दोन लाख किंवा वर कॅश आम्ही घेत नाही, कायद्यानेही घेता येत नाही. जुने दागिने, चित्र, शिल्प विकून नफा झाला तर त्यावर कॅपिटल गेनचा टॅक्स बसू शकतो, सीएला विचारून ठेवा.

वाडवडिलांची वस्तू असेल तर सगळ्या भावा-बहिणींच्या सह्या आणा. यावर आम्ही हटत नाही. हातोडा पडल्यावर पुण्याच्या आत्याची नोटीस येते आणि मग घेणारा, विकणारा आणि आम्ही, तिघेही लटकतो. बहिणींची सही राहिली, 'तिला चालतं' असं तोंडी सांगून चालत नाही.

लिलावाच्या आधी दोन दिवस माल बघायला खुला असतो, त्या दिवशी या, हात लावा, उलटं करून बघा, टॉर्च आणि भिंग घेऊन या, आमचं भिंगही मागा. फोटोवरून बोली लावून नंतर 'पायाला कीड होती' म्हटलं तर परत घेता येत नाही, कंडिशन रिपोर्टमध्ये कीड लिहिलेली असते आणि तो आधी मागितला तर व्हॉट्सॲपवर फुकट पाठवतो. झोपाळा, कपाट, पलंग असल्या मोठ्या लॉटसाठी हमाल आणि गाडी घेणाऱ्याने आणायची, आपल्या घराच्या जिन्याचं माप आधी घेऊन यायचं, कारण सागवानी झोपाळ्याची कडी-पाटी सुटी होते पण कपाटाचं तसं नसतं.