व्याज न घेता बँक कमावते कशी, मागची गोष्ट

नागपुरात सध्या कूलरचा सीझन सुरू होऊन राहिला, तर कूलरवरूनच सांगतो. समजा सीताबर्डीवर १०,००० चा कूलर आहे. नेहमीची बँक पैसे देईल नि वर व्याज लावेल. इस्लाममध्ये व्याज निषिद्ध, म्हणून त्या नियमांनी चालणारी इस्लामिक बँक तोच कूलर स्वतः विकत घेते आणि तुम्हाला ११,४०० ला विकते, महिन्याला ९५० चे बारा हप्ते, ह्याला म्हणतात मुराबहा. बाप्पा, हे तर कान फिरवून पकडणंच झालं ना! मला पण आधी तसंच वाटलं. पण हप्ता थकला की फरक कळतो, ठरलेला भाव वाढवता येत नाही, आणि उशिराचा दंड घेतलाच तर तो साधारणपणे दानात जातो, नफ्यात नाही.

सुरुवातीची आयडिया वेगळी होती. १९६३ मध्ये इजिप्तच्या मीत गम्र गावात अहमद अल-नज्जार यांनी जर्मनीतल्या बचत बँका पाहून तशीच बिनव्याजी बँक काढली, काही वर्षांत ती गुंडाळलीही गेली. मग १९७३ नंतर तेलाचे भाव भडकले, आखातात पैसा आला नि १९७५ मध्ये दुबई इस्लामिक बँक उभी राहिली. कागदावर आयडिया होती की बँकेने धंद्याच्या नफ्या-तोट्यात भागीदार व्हायचं, पण प्रत्येक धंदेवाल्याच्या वह्या कोण तपासत बसणार, म्हणून बँका मुराबह्यावर घसरल्या, आणि तिथून इस्लामिक आणि नेहमीच्या बँकेच्या नफ्याचं गणित बरचसं सारखंच झालं: ठेवी किती स्वस्तात मिळतात, कर्ज किती बुडतं, ऑफिसचा खर्च किती, देशाचा बाजार कसा चाललाय. इस्लामिक बँकेला एक अडचण मात्र जास्तीची, उरलेला पैसा व्याजाच्या सरकारी रोख्यांत टाकता येत नाही, सुकूक, म्हणजे बिनव्याजी इस्लामिक रोखे, आले तेही नंतर, म्हणून रोकड पडून राहते.

२००८ च्या जागतिक आर्थिक संकटात अमेरिकेतल्या बुडीत कर्जांचे विषारी कागद इस्लामिक बँकांकडे फारसे नव्हतेच, तेव्हा त्या तरल्या. पुढच्या वर्षी आखातात प्रॉपर्टी पडली नि काहींचा नफा नेहमीच्या बँकांपेक्षाही जास्त आपटला.

आपल्याकडे गाडी कूलरपाशीच अडते, कारण १९४९ च्या बँकिंग कायद्यात बँकेला मालाची खरेदी-विक्री करायला मनाई आहे. २००८ मध्ये रघुराम राजन समितीने बिनव्याजी बँकिंगची शिफारस केली होती, २०१७ मध्ये रिझर्व्ह बँकेने विषय बंद केला. म्हणून व्याज नको असणारे बरेच लोक पैसे करंट अकाउंटला ठेवतात, बँक त्यावर काहीच देत नाही, आणि तोच पैसा पुढे व्याजाने फिरवते.