सोन्याला पिवळा खडू पुरत नाही

दसरा झाला की आमच्या यवतमाळकडच्या जिल्हा परिषद शाळेत पोरं लक्ष्मीचं चित्र काढायला घेतात. तिच्या हातातून पडणारी नाणी सगळी एकाच पिवळ्या खडूने भरलेली. यंदा चौथीतली एक पोरगी वही घेऊन आली, "सर, हे तं लिंबाच्या फोडी दिसून रायल्या." तिचं अगदी बरोबर होतं.

कापसाच्या ढिगाकडे कुठूनही पाहा, तो पांढराच दिसतो, कारण त्याचे तंतू प्रकाश चहूकडे विखुरतात. घासलेला धातू मात्र प्रकाश आरशासारखा परतवतो. नाण्यात दिसतं ते समोरचं दार, आभाळ, अंगण. फक्त सोनेरी झालेलं. मी तिला चिंचेने घासलेला पितळी गडवा उंबऱ्यावर ठेवून दाखवला. आभाळाकडची बाजू फिकट पिवळी, जवळजवळ पांढरी. तिला खेटूनच घरातल्या अंधाराचा गर्द तपकिरी पट्टा. चकाकी वाटते ती या एकदम होणाऱ्या बदलामुळे. खडू बोटाने घासून छटा एकमेकींत मिसळल्या की धातूची माती होते.

आता सोनं पिवळंच का? सोन्याच्या अणूत ७९ प्रोटॉन असतात. त्यांच्या ओढीमुळे सर्वांत आतले इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या निम्म्याहून अधिक वेगाने फिरतात, आणि तिथे आइन्स्टाइनचा सापेक्षतावाद लागू होतो. त्याच्या परिणामाने बाहेरच्या काही इलेक्ट्रॉनांच्या ऊर्जापातळ्यांमधलं अंतर इतकं कमी होतं, की निळा प्रकाश शोषला जातो. सोनं लाल प्रकाश ९५ टक्क्यांच्या वर परतवतं, निळा जेमतेम ४०.

याच आकड्यांत मला सगळ्यात आवडणारी गोष्ट दडली आहे. आजीच्या पुतळ्यांच्या माळेतली एखादी पुतळी जवळून बघा. उठावाच्या खाचेत प्रकाश एकदा एका भिंतीवर आपटतो, मग दुसऱ्या. दोन फेऱ्यांत निळा ४० टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर येतो, लाल मात्र नव्वदच्या आसपास टिकतो. म्हणून खाचा नुसत्या काळ्या पडत नाहीत, नारिंगी-तांबूस होतात.

तेव्हा नाण्याच्या खाचांत काळा खडू नको. आधी नारिंगी, त्यावर तपकिरी. उठावाच्या उजेडाकडच्या कडेला फिकट पिवळा, दुसऱ्या कडेला लगेच गडद. कोरा पांढरा ठिपका एखादाच आणि बारीक, जिथे सूर्य थेट परततो तिथे.

पोरीने तसं केलं आणि विचारलं, "मंग पूजेतलं चांदीचं नाणं कसं रंगवू?" चांदीच्या अणूत ४७ च प्रोटॉन, तिथे हा परिणाम बराच कमी, त्यामुळे ती अतिनील प्रकाश शोषते आणि डोळ्यांना दिसणारे सगळे रंग जवळपास सारखेच परतवते. मी तिच्या हातात करडा खडू दिला आणि आभाळाकडच्या बाजूसाठी थोडा निळा.