विस्तारकार्य आणि भागीदारी : अहवालात सारखी, बांधावर वेगळी

कॉलेजच्या वार्षिक अहवालात ‘सामाजिक उपक्रम’ नावाची दोन-तीन पाने असतात. पणजीच्या मिरामारचा किनारा साफ केला, रक्तदान शिबिर घेतले, खाजनातले, म्हणजे नदीकाठच्या सखल शेतांतले, पाणी तपासले. सगळे एकाच मथळ्याखाली. मला हे खटकते. पहिली दोन कामे विस्तारकार्याची आहेत, तिसरे भागीदारीचे व्हायला हवे होते. दोघांना एकच नाव पडले की भागीदारीसुद्धा हळूहळू शिबिरासारखी उरकली जाते.

विस्तारकार्य म्हणजे विद्यापीठाकडे आहे ते बाहेर नेऊन देणे. विद्यापीठ अनुदान आयोगाने (यूजीसी) १९७७ मध्ये अध्यापन आणि संशोधनाच्या जोडीला विस्ताराला विद्यापीठाचे तिसरे अंग मानले. राष्ट्रीय सेवा योजना त्याहून जुनी. ती २४ सप्टेंबर १९६९ रोजी ३७ विद्यापीठांत ४०,००० विद्यार्थ्यांना घेऊन सुरू झाली. एनएसएसचा विद्यार्थी दोन वर्षांत २४० तास देतो, दत्तक गावात सात दिवसांचे शिबिर करतो. या कामाला मी कमी लेखत नाही. रक्त हवे असते तेव्हा ते लगेच हवे असते, तिथे चर्चेला बसायचे नसते. गरज ठाऊक असेल आणि उपायही ठाऊक असेल, तर विस्तारकार्यासारखे सरळ काम नाही.

भागीदारी लागते ती उपाय कुणालाच पुरता ठाऊक नसतो तेव्हा. तिथे प्रश्न गाव मांडते, शोध दोघे मिळून घेतात आणि हाती आलेले दोघांकडे राहते.

खाजनाचेच घ्या. गोव्यातली ही सखल शेते नदीच्या खाऱ्या पाण्यापासून मातीच्या बांधांनी राखलेली असतात. बांधात मानस असते, म्हणजे लाकडी दारांचे तोंड. ओहोटीला आतले पाणी दार लोटून बाहेर जाते, भरतीला बाहेरचे पाणी तेच दार दाबून बंद करते. पावसाने मीठ धुऊन नेले की भात लावायचे. गावकाऱ्यांनी, म्हणजे गावच्या सामुदायिक संस्थांनी, ही व्यवस्था शतकानुशतके सांभाळली, ताळगावच्या पठारावरचे आपले गोवा विद्यापीठ १९८५ चे. म्हणून अशा गावाला ‘दत्तक’ म्हणताना माझी जीभ अडखळते. दत्तक मूल घेतात. इथे वयाने थोरले कोण ते उघड आहे.

मांडवीकाठच्या एका गावात आमची मुले खारेपणा मोजायला जात. शनिवारी सकाळी, कारण त्या दिवशी तास कमी असतात. रिफ्रॅक्टोमीटरच्या काचेवर थेंब ठेवायचा, उजेडाकडे धरून आकडा वाचायचा, वहीत लिहायचा. तीन शनिवार आकडे जवळपास सारखे आले. बांधावर बसलेले एक शेतकरी काका हे दर वेळी बघत होते. त्यांनी पाण्यात बोट बुडवले, जिभेला लावले आणि म्हणाले, “शेनवारा न्हय, पुनवेक येयात.” पौर्णिमेला आणि अमावस्येला उधाण असते. आम्ही गेलो. भरती चढली तशी मानशीच्या एका फळीखालून पाण्याची बारीक धार आत येताना दिसली, आणि पलीकडे कुर्ल्यांनी, म्हणजे खेकड्यांनी, पोखरलेल्या बांधातून दुसरी. त्या दिवशीचा आकडा आधीच्या तिन्हींपेक्षा बराच वर गेला.

आमचे यंत्र बरोबर होते, वेळ चुकीची होती. आणि ती वेळ ठरवताना आम्ही त्यांना विचारलेच नव्हते.

शेतकऱ्याचे ज्ञान प्रयोगशाळेत कसे जाते याचे चांगले उदाहरण जुने गोवे इथे आहे. तिथली भारतीय कृषी अनुसंधान परिषदेची संस्था विद्यापीठ नव्हे, पण दाखला लागू पडतो. खाजनातला ‘कोरगूट’ हा खारे पाणी सोसणारा भात शेतकऱ्यांनी पिढ्यान्पिढ्या राखला. त्यातून निवड करत संस्थेने ‘गोवा धान १’ हे वाण तयार केले. मूळ बियाणे शेतकऱ्याचे, निवडीची शिस्त संस्थेची.

टिकून राहणे हीसुद्धा एक खूण. गोवा मेडिकल कॉलेजचे मंडूरला ग्रामीण आरोग्य व प्रशिक्षण केंद्र आहे. शिकाऊ डॉक्टर तिथे कामाला जातात, गावाला दवाखाना मिळतो, मुलांना बांबोळीतल्या कॉलेजच्या वॉर्डात न दिसणारा आजार घरासकट दिसतो. तुकडी बदलते, केंद्र तिथेच राहते. सात दिवसांच्या शिबिरातून हे साधणे कठीण.

विद्यापीठात इतिहासकार दा. ध. कोसंबींच्या नावाच्या अध्यासनाची व्याख्याने सर्वांना खुली असतात. मला ती फार आवडतात, पण तीही विस्तारकार्यच. दार उघडे असते, बोलतो मात्र व्याख्याताच.

केंद्र सरकारच्या, २०१४ मध्ये सुरू झालेल्या उन्नत भारत अभियानात उच्चशिक्षण संस्थांना किमान पाच गावांशी जोडून घ्यायला सांगितले आहे. यात दोन्ही वाटा मोकळ्या आहेत. गावाची पाहणी करून तक्ते भरता येतात, किंवा तेच तक्ते ग्रामसभेत वाचून दाखवून ‘यातले चूक काय?’ असे विचारता येते. एखादे काम कोणत्या जातीचे ते ओळखायचे असेल, तर मी वही कुणाकडे राहिली ते बघतो. आकडे कॉलेजच्या कपाटात गेले आणि गावात काहीच उरले नाही, तर ते विस्तारकार्यही धड नव्हे.

आमची वही आता दोन प्रतींत असते. एक विभागात, दुसरी त्या काकांच्या घरी, पंचांगाशेजारी खुंटीला. शेतातल्या भेटींच्या तारखा ते त्या पंचांगातून सांगतात आणि आम्ही तासिका त्याप्रमाणे हलवतो. मागच्या खेपेला अमावस्या मंगळवारी आली, प्रॅक्टिकल बुधवारवर ढकलले.