उचल कुठून आली आणि कंपनीच्या कागदावर का दिसत नाही

आमच्या बीडकडं दसरा झाला की गावं रिकामी व्हायला लागतात. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांडी, पत्रा, कोंबड्या, लेकरं सगळं भरायचं आणि कोल्हापूर-सांगलीकडं नाहीतर कर्नाटकात ऊस तोडायला निघायचं. इथं माणसं मोजत नाहीत, कोयते मोजतात. नवरा-बायको मिळून एक कोयता, एकटा असला तर अर्धा.

मार्च २०२४ मध्ये न्यूयॉर्क टाइम्स आणि फुलर प्रोजेक्टनं बातमी छापली, की कोकाकोला आणि पेप्सीला जाणाऱ्या महाराष्ट्रातल्या साखरेमागं कर्जात अडकलेली मजुरी आहे, कमी वयातली लग्नं आहेत, गर्भपिशव्या काढलेल्या बायका आहेत. आपल्याकडं लगेच दोन तट पडले, एक म्हणे बदनामी आणि दुसरा म्हणे अरे बापरे. मला नवल याचं वाटलं की हे कुणाला नवीन होतं? बीड जिल्ह्यात नीलम गोऱ्हे यांच्या समितीनं २०१९ लाच ८२,३०९ महिलांची पाहणी केलेली, त्यात १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली होती.

तर जरा मागं जाऊ. १९५० मध्ये नगरकडं लोणीला प्रवरा साखर कारखाना सुरू झाला, विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या खटपटीतून, आणि मग सहकारी कारखान्यांची रांगच लागली. ऊस आला पाटाच्या पाण्यावर आणि तोडायला हात आले कोरडवाहू भागातून, त्यात १९७२ च्या दुष्काळानं आणखी लोक बाहेर काढले. शेतकरी कारखान्याचा सभासद, त्याला शेअर, मतदान, उसाचा दर. तोडणारा मात्र कुणाचाच नाही. तो मुकादमाचा, म्हणजे मजुरांच्या टोळ्या जमवून आणणाऱ्या दलालाचा. कारखान्याचा करार वाहतूकदाराशी नाहीतर मुकादमाशी, मुकादमाचा कोयत्याशी, आणि हा शेवटचा करार म्हणजे बहुतेक वेळा एक वही असते आणि तिच्यात अंगठा.

त्या वहीचा हिशोब असा चालतो. समजा जोडप्यानं पावसाळ्यात मुकादमाकडून एक लाख उचल, म्हणजे मजुरीपोटी आगाऊ रक्कम, घेतली, पोरीच्या लग्नाला म्हणा नाहीतर दवाखान्याला. पुढं पाच-सहा महिने पहाटेपासून फडात, तोडायचं, मोळ्या बांधायच्या, डोक्यावर घेऊन गाडी भरायची, रात्री-अपरात्री गाडी आली तरी उठायचं. मजुरी टनावर. एक दिवस अंग दुखलं म्हणून कोपीवर, म्हणजे फडाजवळच्या झोपडीत, राहिलं की खाडा, त्याचे पैसे उचलीत चढतात. पाळीच्या दिवसांत बाई खाडा करत नाही तो यामुळंच, आणि गर्भपिशवीचं प्रकरणही इथूनच सुरू होतं. हंगाम संपला की मुकादम सांगतो सत्तर हजार फिटले, तीस राहिले. मग पुढच्या वर्षी त्याच्याकडंच जावं लागतं.

आता कायदा बघा. राज्यघटनेच्या कलम २३ नं माणसांचा व्यापार आणि बिगार दोन्ही बंद केले. त्याच्याही आधी १९४५ ला वारली आदिवासींनी ठाण्याकडं वेठबिगारी आणि लग्नगडी पद्धतीविरुद्ध उठाव केला होता. लग्नाला सावकाराकडून पैसे घ्यायचे आणि नवरा-बायकोनं त्याच्याकडं राबायचं. काय फरक आहे सांगा! १९७६ च्या वेठबिगारी निर्मूलन कायद्यात आगाऊ रकमेपोटी राबवून घेणं स्पष्ट लिहिलंय. १९८२ ला एशियाडच्या बांधकाम मजुरांच्या खटल्यात सुप्रीम कोर्टानं सांगितलं, की किमान वेतनापेक्षा कमी पैशात राबवणं हीसुद्धा सक्तीची मजुरीच, कारण भूक पण सक्ती करते. पुढच्याच वर्षी डिसेंबरमध्ये फरिदाबादच्या दगडखाणींच्या केसमध्ये असं ठरलं की सक्तीची मजुरी दिसली तर त्यामागं उचल आहे असंच धरून चालायचं, नाही म्हणणाऱ्या मालकानं ते सिद्ध करावं. म्हणजे कायद्यात कमी काहीच नाही.

बाहेरच्या देशांचा रस्ता वेगळा. अमेरिकेनं १९३० लाच सक्तीच्या मजुरीचा माल आणायला बंदी घातलेली, पण माल देशात पुरेसा होत नसेल तर चालेल अशी पळवाट ठेवली, ती बुजली २०१६ ला. ब्रिटनच्या २०१५ च्या कायद्यात ३ कोटी ६० लाख पौंडांच्या वर उलाढाल असलेल्या कंपनीनं आपल्या पुरवठ्यात गुलामी, सक्तीची मजुरी नसावी म्हणून काय केलं याचं दरवर्षी निवेदन काढायचं, आणि गंमत म्हणजे 'आम्ही काहीही केलं नाही' असं लिहिलं तरी कायद्याला चालतं. आपल्याकडं शेअर बाजारावर लक्ष ठेवणाऱ्या सेबीनं २०२२-२३ पासून बाजारातल्या सगळ्यात मोठ्या १००० कंपन्यांना पर्यावरण, कामगार वगैरे जबाबदाऱ्यांचा अहवाल सक्तीचा केला. पण सहकारी कारखाना शेअर बाजारात नसतोच. म्हणजे जिथं कोयता चालतो तिथवर हा अहवाल थेट जातच नाही.

खरेदीदार कंपनी विचारते कारखान्याला. फॉर्म येतो, त्यात प्रश्न असतो, तुमच्याकडं वेठबिगार आहेत का, हो की नाही. कारखान्याचा माणूस हजेरीपट बघतो, त्यात मिलमधले कामगार, सगळ्यांचा पीएफ भरलेला. तो 'नाही' वर टिक करतो आणि तो खोटंही बोलत नसतो, कारण तोडणी कामगार त्याच्या हजेरीवर नाहीच.

जानेवारी २०२४ ला संपानंतर तोडणीचा दर ३४ टक्क्यांनी वाढला, ते चांगलंच झालं. आता युरोपचा नवा नियम डिसेंबर २०२७ पासून लागू होतोय, सक्तीच्या मजुरीचा माल तिथं विकताच येणार नाही. तेव्हा कुणीतरी तपासायला येईल, फाइल मागेल. फाइल कारखान्यात मिळेल. वही मुकादमाच्या मोटारसायकलच्या डिकीत असते.